पालटीचा मुडा

येसूबाई घरतच्या दारात येऊन कुणी विचारलं, “काकी, काल्या कुसलाच्या रात्याचं बी किती हाय तुमच्याकडं?” तर ती पापणीही न हलवता सांगायची, “एक दाना न्हाय.”

विचारणारा बुचकळ्यात पडायचा. धाकटी खार या गावात, खाडीच्या बांधाला लागून, खारट चिखलात तगून राहणारं ते लाल भात अजून नेमाने पिकवणारी बाई म्हणूनच तर तो एवढ्या लांबून आलेला असायचा. आणि मान वर करून बघावं, तर चुलीच्या बरोब्बर वर, माळ्याच्या वाशाला, पेंढ्यात गुंडाळून काथ्याने करकचून बांधलेला भाताचा मुडा धुराने काळाकुट्ट होऊन लटकत असायचा.

“मग हे काय?”

“ते मनुबाईचं. माझं मनुबाईच्या माल्यावं हाय. जा, तिला इचार.”

हा तिथला जुना रिवाज होता. झोडणी उरकली, भात वारवून झालं, की बियाण्याचा मुडा बांधायचा, पण तो आपल्या घरात ठेवायचा नाही. दुसऱ्याच्या घरी नेऊन द्यायचा आणि त्याचा आपल्याकडे आणायचा. याला म्हणत पालटीचा मुडा. नियम दोनच. नेताना आपल्या हातांनी न्यायचा आणि पेरणीच्या आधी आपल्या पायांनी जाऊन परत आणायचा. तिथे मुलगा, सून, गडी, शेजारी कुणी चालत नाही. कारण विचारलं तर जुनी माणसं एवढंच सांगत, “आपलं बी आपल्या माल्यावं झोपत न्हाय.” मला विचाराल तर त्यात भरपूर शहाणपण होतं. घरात चणचण असली की हात पहिल्यांदा स्वतःच्या मुड्याला जातो. दुसऱ्याच्या ठेवीला हात लावायची लाज वाटते. आणि उधाणाने बांध फुटून एका पाड्यात खाडी शिरलीच, तरी बी दुसऱ्या पाड्यात कोरडं राहतं. हे सगळं कुणी कागदावर लिहून ठेवलं नव्हतं. लिहिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

येसूबाईचं वय एकसष्ट. अंगाने काटकुळी, चालायला वाऱ्यासारखी, आणि बोलायला... तिच्या सुनेच्या शब्दांत सांगायचं तर, “आईंच्या तोंडी लागण्यापेक्षा उधाणात होडी घातलेली परवडली.” नवरा दिनानाथ जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा अल्पेश उरणच्या बंदरावर ट्रेलर चालवायचा, आठवड्याने घरी यायचा. गावातल्या बहुतेक पोरांनी हेच केलं होतं. खाडी आत आली, शेतात कांदळ उगवलं, तशी माणसं एकेक करून बांधावरून उतरली आणि ट्रकवर चढली. त्यांना तरी दोष कुणी द्यावा? पण येसूबाईचं सव्वा एकर मात्र अजून भात देत होतं आणि ते भात होतं काळ्या कुसळाचा राता. दुसऱ्या गावांतून दुसरे राते आहेत, पण घोटाभर खारं पाणी चार दिवस साचलं तरी मान न टाकणारा राता हा एवढाच. त्याची भाकरी जांभळट, चवीला गोडसर, आणि एक खाल्ली की माणूस दुपारपर्यंत जेवणाचं नाव काढत नाही. येसूबाई धरून सहा घरं तो पेरत होती.

खरं तर सात. पण सातव्या घराचं नाव येसूबाईच्या घरात कुणी काढत नसे.

सातवं घर ठमाबाईचं, म्हणजे दिनानाथच्या थोरल्या बहिणीचं. ती खाडीपलीकडे मोरपाड्यात दिलेली. येसूबाईच्या बांधावर उभं राहिलं की समोर ठमाबाईच्या परसातला एकुलता ताड दिसे. पण पुलावरून फिरून जायचं तर गाडीला पाऊण तास. येसूबाई सासरी आली त्या वर्षापासून तिचा पालटीचा मुडा ठमाबाईकडे जाई आणि ठमाबाईचा तिच्याकडे येई. नणंद-भावजयीत एरवी काय कमी कुरबुरी झाल्या असतील? पण मुड्याच्या दिवशी दोघी एका ताटात जेवत.

ठमाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. ती धवला गाते तेव्हा कुठे हळद अंगाला लागते. सात वर्षांपूर्वी अल्पेशच्या हळदीला ठमाबाई मांडवात गात होती. भावाच्या पोराचा धवला, तोही भाऊ नसताना! ती डोळे मिटून, जीव लावून गात होती. तेवढ्यात डीजेवाला पोचला, पोरं चुळबुळ करायला लागली, पाहुण्यांच्या पंगती खोळंबल्या, आणि कामाने पिसाळलेल्या येसूबाईच्या तोंडून निघून गेलं, “वन्सं, आता बस करा. पोरांना नाचू द्या.”

ठमाबाई ओळीच्या मध्येच थांबली. उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “भावाच्या पोराचा धवला अर्ध्यावं तोडलास, येसू.” जेवलीही नाही, तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच येसूबाईला कळून चुकलं होतं की आपण चुकलो. पण कळणं वेगळं आणि पाऊण तासाचा रस्ता तुडवून ते बोलून दाखवणं वेगळं. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता पेरणी आली. येसूबाईने मनुबाईकडून भात उसनं आणलं, पण आपला मुडा आणायला गेली नाही. ठमाबाईही आपला न्यायला आली नाही. तिचा मुडा येसूबाईच्या माळ्यावर दोन वर्षं तसाच लटकत राहिला, मग त्याला सोंडे लागले. शेवटी एके दिवशी येसूबाईने तो सोडला आणि कोंबड्यांपुढे ओतला.

आता या सगळ्यात निधी कुठून आला ते सांगतो.

चौल, रेवदंडा, अलिबाग भागातले वाडीवाले, डॉक्टर, वकील, निवृत्त मास्तर आणि मुंबईहून येऊन इथे बंगले बांधलेली काही भली माणसं यांनी मिळून ‘अष्टागर किनारा निधी’ काढला होता. दरवर्षी प्रत्येकाने यथाशक्ती पैसे घालायचे आणि इथल्याच लहान लहान संस्थांना द्यायचे. अट इतकीच की काम इथल्या अन्नाचं किंवा इथल्या निसर्गाचं असावं. काशीदच्या किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलणाऱ्या मुलांना मागच्या वर्षी मिळालं, दिघीकडच्या खेकडे पाळणाऱ्या बायकांना मिळालं. हे ऐकून धाकट्या खारेच्या विनिताने कंबर कसली. विनिता गावातलीच मुलगी, पोयनाडला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. तिने सहा घरं गोळा करून ‘खारभात मंडळ’ स्थापलं होतं. स्वतः चिटणीस झाली आणि येसूबाईला, नाही नाही म्हणत असताना, अध्यक्ष करून टाकलं.

मागणी साधी होती. खाडीच्या बांधाला जी उघडी असते, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडी बाहेर ठेवायची ते दार, त्याच्या फळ्या कुजल्या होत्या. नवं दार बसलं नाही तर येत्या उधाणांत सहाही घरांची शेती खाडीच्या घशात जाणार होती. पण अर्जात एक रकाना होता: ‘बियाणे बँकेची जागा व साठवण क्षमता’. विनिता दोन दिवस त्या रकान्यापुढे पेन चावत बसली. शेवटी येसूबाईकडे आली.

“काकी, बँक कय हाय आपली?”

“माल्यावं.”

“कुनाच्या?”

“सगल्यांच्या.”

“असं लिवून चालंल का? त्यांना एक जागा पायजे. ते बघाया येनार.”

येसूबाईने दारातून बांधाकडे बघितलं. कुजलेल्या उघडीतून भरतीचं पाणी झिरपत होतं. “मंग लिव समाजमंदिर,” ती म्हणाली.

अशी बँक झाली. सगळ्यांनी आपापल्या माळ्यावरचा मुडा समाजमंदिरात आणायचं ठरलं. कल्पिता, म्हणजे येसूबाईची सून, पनवेलकडची, बी.कॉम. झालेली आणि मनाने निर्मळ. सात वर्षांपूर्वीच्या भांडणात आपल्या लग्नाचं निमित्त झालं याची तिला उगाच टोचणी होती. तिने सासूला न विचारता मोरपाड्याला फोन लावला.

“आत्या, तुमच्याकडे आमचा मुडा आहे ना? मंडळासाठी हवा होता. अल्पेश येऊन घेऊन जातील.”

पलीकडून ठमाबाई म्हणाली, “मुडा फोनवं देत न्हायत, पोरी. जिचा हाय तिला सांग, पायांनी ये.”

कल्पिताने हे सांगितलं तेव्हा येसूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “काय लटकत असंल तिच्याकडं? सात वर्साचा भुसा,” ती म्हणाली. “नको मना.” आणि भाकरी तव्यावर टाकली. अर्जात सहाच घरं लिहिली गेली.

निधीची मंडळी सोमवारी बघायला येणार होती. बुधवारी सकाळी बायकांनी समाजमंदिरात सहा मुडे सोडले. दरवर्षी माळ्यावरच्या अंधारात राहणारं ते भात पहिल्यांदाच फरशीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात पडलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. काजळी, जाळीजळमटं, आणि धुराचा असा वास की नाकाला पदर लावावा. एरवी यात कुणाला काही वाटलं नसतं, धुराचं बी म्हणजे किडीला न भिणारं बी. पण पाहुणे यायचे होते. येसूबाईच कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मोठ्या घरची मान्सं येनार, त्यांना असं चुलीतून काढल्यासारखं दाखवायचं? शोभतं का आपल्याला?”

कुणी पाहुणा येणार म्हटलं की अंगण सारवायचं, पोराचं नाक पुसायचं; तसं बायकांनी बी धुतलं. नळावर टोपल्या लावल्या, दोन पाण्यांनी खळखळून काढलं. लाल टरफल उजळलं, काळं कुसळ चमकायला लागलं, आणि सगळ्यांना फार बरं वाटलं. अंगणात चटयांवर पसरलं. याला तीन उन्हं लागतील हे येसूबाईला पक्कं ठाऊक होतं, आणि सोमवारला अवकाशही होता. पण गुरुवारी दुपारी विनिताला फोन आला. निधीच्या हिशेब बघणाऱ्या अनीशसाहेबांना सोमवारी जमत नाही. उद्याच येतो, चालेल ना? पाहुण्याला नको कोण म्हणणार? दीड उन्हात भात उचललं. विनिताने आणलेल्या दोन निळ्या ड्रमात भरलं, झाकणं घट्ट लावली, वर छापील लेबलं चिकटवली. येसूबाईने शेवटची मूठ ड्रमात टाकताना दाताखाली एक दाणा धरून बघितला. दाणा कट्‌ वाजला नाही, नुसता दबला. “पाव्हने गेले का परत उन्हात घालू,” ती स्वतःशी म्हणाली.

शुक्रवारी पाहुणे आले. अनीशसाहेब आणि प्रमोदिनीबाई. प्रमोदिनीबाई चौलच्या, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या, तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. स्वतःची छोटी गाडी स्वतः चालवत येणाऱ्या. त्यांनी उघडी बघितली, चिखलात पाय घालून बांध बघितला, येसूबाईच्या हातची रात्याची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाल्ली आणि अजून एक मागून घेतली. ड्रम बघून तर त्या हरखल्याच. “किती व्यवस्थित ठेवलंय हो तुम्ही!” असं त्या तीनदा म्हणाल्या. येसूबाईला आयुष्यात इतकं कौतुक एका दिवसात कुणी केलं नव्हतं. तिने तोंडावर पदर घेतला, पण आतून ती फुलून गेली होती. अशा वेळी झाकण उघडून ‘हे ओलं हाय’ म्हणणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

पाहुणे गेल्यावर तरी? अनीशसाहेबांनी ड्रमांचे फोटो काढले होते, ते निधीच्या बैठकीत लागणार होते. विनिता म्हणाली, “मंजुरी येईपर्यंत हात नका लावू, काकी. परत कोन बघाया आला तं?” समाजमंदिराला कुलूप लागलं. पत्र्याचं छप्पर, वैशाखाचं ऊन. येसूबाई रोज तिथून जाताना मनात म्हणायची, आज उघडायला लावू. आणि रोज तिला ते लेबल आठवायचं. देवापुढे ठेवलेला नारळ परत मागितल्यासारखं वाटायचं.

पत्र आलं. मंजूर! गावात पेढे वाटले. रेवदंड्याच्या बाळाजी सुताराने सागाचं दार करून दिलं, लोखंडी पट्ट्या ठोकल्या, आणि मेअखेरच्या अमावास्येच्या उधाणाला सगळं गाव बांधावर जमलं. खाडी चढली, दाराला टेकली, आणि बाहेरच थांबली. शेतात एक थेंब नाही. कितीतरी वर्षांनी येसूबाईचं शेत उधाणाच्या दिवशी कोरडं होतं. ती बांधावर बसून रडली आणि कुणी विचारलं तर म्हणाली, डोळ्यात वाळू गेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने कुलूप उघडायला लावलं. खारेतली पेरणी कोरड्या दाण्याची नसते. भात भिजवून, दाबून, त्याला मोड आणायचे आणि चिखलात फेकायचे, याला रहू म्हणतात. त्याआधी मूठभर बी भिजवून बघायची पद्धत. ड्रमचं झाकण निघालं तसा आंबूस वास आला. वरचं भात हाताला चिकट लागलं. येसूबाईने दोन्ही ड्रमांतून, वरून, मधून, तळातून अशा मुठी काढल्या, फडक्यांत बांधल्या, पाण्यात घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी फडकी सोडली. शंभर दाण्यांत दोन मोड. दुसऱ्या फडक्यात एकही नाही.

दार बसलं होतं, शेत वाचलं होतं, आणि पेरायला बी नव्हतं.

विनिता रडून रडून लाल झाली. मग डोळे पुसून, पोरीच ती, तिला जो मार्ग दिसला तो तिने सांगितला: “काकी, पोयनाडला सोसायटीत दुसरं बी मिलतं. ते पेरू. लाल काय, पांढरं काय, निधीवाल्यांना काय कलनार हाय?”

“त्यांना न्हाय कलनार,” येसूबाई म्हणाली. “शेताला कलंल.”

तिने कल्पिताकडून प्रमोदिनीबाईंना फोन लावून घेतला. फोनवर बोलायची तिला सवय नव्हती. ती दारात उभी राहून, पलीकडचं माणूस खाडीपार असल्यासारखी मोठ्याने बोलली. “बाई, मी येसूबाई. बी मेलं. आमी धुतलं, नि वलंच भरलं. तुमाला बरं दिसावं म्हनून. चूक माझी हाय, पोरीची न्हाय. तुमी दार दिलात, नि मी बी मारलं.”

प्रमोदिनीबाईंनी विचारलं, “आधी कुठे असायचं हे बी?”

येसूबाईने पालटीचं सगळं सांगितलं. कोण कुणाकडे ठेवतं, का ठेवतं, धूर कशाला. पहिल्यांदाच कुणी तिला ते विचारत होतं.

“येसूबाई,” प्रमोदिनीबाई सावकाश म्हणाल्या, “बँकेची जागा लिहा, हा रकाना मीच घातला होता. सगळं एका ठिकाणी दिसलं म्हणजे नीट असतं असं मला वाटलं. तुमची बँक होतीच, ती मी मोडायला लावली.” मग लगेच शाळेतल्या बाईंच्या आवाजात, “ते राहू दे. हे बी आता आणखी कुणाकडे आहे?”

फोन स्पीकरवर होता. मागून कल्पिता म्हणाली, “आत्यांकडे.”

“तिकडं सात वर्साचं हाय,” येसूबाई पुटपुटली. “ते काय उगवनार?”

“बघायला काय हरकत आहे? मी गाडी घेऊन येते.”

रस्ताभर येसूबाई मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. मुडा आणायला निघालेली बाई रिकाम्या हाताने कधी जात नाही. आपल्याकडचा दुसरीचा मुडा तिला परत द्यावा लागतो. तिच्या हातात काहीच नव्हतं. पूल ओलांडला, मोरपाडा आला. इतकी वर्षं बांधावरून बघितलेला तो ताड जवळून केवढा तरी उंच निघाला.

ठमाबाई ओटीवर सुपात काहीतरी पाखडत बसली होती. ती आता बरीच वाकली होती. तिने मान वर केली, भावजयीकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे.

“आयलीस पायांनी?”

“गाडीन आयली, वन्सं. हिथून पायांनी.”

“ह्या कोन?”

“निधीवाल्या बाई. बी बघाया आल्यात.”

“बी बघायचं नसतं,” ठमाबाई म्हणाली, “पेरायचं असतं.” प्रमोदिनीबाईंनी मुकाट्याने मान हलवली. ठमाबाई उठली, गुडघ्यावर हात टेकत आत गेली, आणि आतूनच ओरडली, “ये ना! का आवतन धाडू?”

चुलीच्या वर, वाशाला, एकच मुडा लटकत होता. येसूबाई वर बघत राहिली. पेंढा काळा झाला होता, पण वरवरच. काथ्याच्या गाठीत अजून पिवळेपणा होता. तो सात वर्षांचा नव्हता. याच हंगामातला होता.

“वन्सं, ह्यो...”

“तुझा,” ठमाबाई म्हणाली. “माझा तुझ्या माल्यावं अडकला. मंग मी काय पेरू? तुझाच सोडला, पेरला. झोडनी झाली, तुझा परत बांधला. दर साली बांधते. तू येत न्हाईस, मी सोडते, पेरते, परत बांधते. भावाच्या घरचं बी हाय ते, मी कोन ठेवून घेनारी?” ती थांबली. “नि माझा? माझा मुडा कय हाय?”

खोटं बोलायला ही चांगली जागा होती. सोंडे लागले म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण येसूबाईच्या तोंडून जे निघालं ते सरळ निघालं.

“कोंबड्यांना घातला.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. प्रमोदिनीबाई दाराशी अंग चोरून उभ्या होत्या. येसूबाई खाली बसली, अगदी जमिनीवर, आणि ज्या जिभेला सात वर्षं ते वळलं नव्हतं त्याच जिभेने म्हणाली, “मी चुकली, वन्सं. मुड्यात चुकली, नि त्याच्या आधी मांडवात चुकली. माझ्याकडं तुमाला द्यायला काय न्हाय. घ्यायालाच आयली हाय. पन त्याच्या आधी, जय मी तोडला तयून पुढं धवला म्हना. मी आयकते. पुरा आयकते.”

“तुना काय म्हाईत कय तोडलास?” ठमाबाई फटकन म्हणाली. “तू कामात व्हतीस.”

“गान्यात करवलीच्या हातात तांब्या दिलात,” येसूबाई म्हणाली. “नवऱ्याच्या बापाचं नाव घ्यायचं व्हतं. दिनानाथ घरत म्हनायचं व्हतं. तुमी ‘दिना’ म्हनलात नि मी बस करा बोलली.”

ठमाबाईने तोंड फिरवलं. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग ती येसूबाईशेजारी येऊन बसली, पाय पसरले, डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज पिचला होता, वरची पट्टी आता लागत नव्हती. पण ती तिथूनच उचलून म्हणाली, जिथे सात वर्षांपूर्वी ओळ तुटली होती, भावाचं नाव पुरं घेतलं, आडनावासकट, आणि मग गाण्यातच नवऱ्या मुलाला हळद लावली, मांडवाला राखण घातली, घराला धान्य मागितलं. येसूबाई मधे एकदाही हलली नाही. प्रमोदिनीबाईंना शब्द अर्धेही कळत नव्हते, तरी त्या दाराच्या चौकटीवर बसून डोळे पुसत होत्या.

धवला संपला. ठमाबाईने वाशावरचा मुडा स्वतः काढला, पदराने झटकला, आणि येसूबाईच्या ओटीत दिला. येसूबाईने गाठीतून एक दाणा ओढून दाताखाली धरला. तो कट्‌ वाजला.

“सहा घरांना वाट, सातवा वाटा मना ठेव,” ठमाबाई म्हणाली. “थोडं थोडं हुईल. एक साल पोटाला कमी पडंल, पन बी राहील. नि झोडनी झाली का...”

“भरल्या हातानी येन,” येसूबाई म्हणाली.

गाडीपाशी प्रमोदिनीबाईंनी मागची डिकी उघडली. येसूबाईने मान हलवली. तो मुडा तिने मांडीवर घेतला आणि पाऊण तासाचा रस्ता दोन्ही हातांनी धरून ठेवला.